मांडीतून पाय गेल्यावर आधी काय बदलावे: गुडघा, सॉकेट की पाऊल?

विणकराची_मुलगी (सोलापूर)

नमस्कार. माझे वडील ५४ वर्षांचे आहेत. अपघातापूर्वी तीस वर्षे ते सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागांवर काम करत होते. गेल्या वर्षी दुचाकीच्या अपघातात त्यांचा उजवा पाय मांडीच्या साधारण मध्यापासून काढावा लागला. जखम भरून आल्यावर एका शिबिरात त्यांना कृत्रिम पाय मिळाला आणि तो वापरायला लागून आता सात महिने झाले आहेत. या पायाचा गुडघा लॉकचा आहे, म्हणजे चालताना तो ताठ राहतो आणि बसायचे झाले की बाजूची खिटी ओढून मोकळा करावा लागतो. पाय कमरेला पट्ट्याने बांधलेला असतो.

बाबा घरात काठीशिवाय आणि बाहेर एका काठीने चालतात, परंतु त्यांची चाल पाहून आम्हाला काळजी वाटते. कृत्रिम पाय पुढे टाकताना ते तो बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळात फिरवून आणतात आणि त्याच वेळी डाव्या पायाच्या चवड्यावर उंच होतात. घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन आले तरी त्यांचा सदरा घामाने भिजलेला असतो. सकाळी पाय घट्ट बसतो, पण दुपारनंतर तो सैल होऊन खाली सरकतो आणि संध्याकाळी काढला की जांघेत लाल वळ दिसतो. रिक्षात बसताना लॉक सोडायला उशीर झाला, तर पाय बाहेर आडवा राहतो. आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरताना त्यांच्या पुढे कोणीतरी उभे राहावेच लागते.

आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी हायड्रॉलिक गुडघा बसवून घ्या, चाल एकदम सुधारेल, असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी चार दांड्यांचा साधा गुडघा पुरेसा आहे असे सांगितले. तिसऱ्याने गुडघ्याचा विषय बाजूला ठेवून आधी सॉकेट, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते तो कृत्रिम पायाचा वरचा भाग, नवीन करा, असा सल्ला दिला. भिशीचे आणि आईच्या विडीकामाच्या बचतीचे मिळून काही पैसे जमा झाले आहेत, मात्र चुकले तर पुन्हा एवढी रक्कम उभी करता येणार नाही. या सुट्या भागांपैकी नेमका कोणता भाग चालण्यावर सर्वांत जास्त परिणाम करतो, आणि मागांमधल्या अरुंद वाटेत दिवसभर उभे राहण्याचे काम बाबांना पुन्हा करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

होटगी_रस्ता

ताई, माझा डावा पाय मांडीतून जाऊन १९ वर्षे झाली. मी लॉकच्या गुडघ्यावर अडीच वर्षे काढली आणि त्यानंतर चार दांड्यांच्या गुडघ्यावर आलो. मी तज्ज्ञ नाही, त्यामुळे फक्त अनुभवाचे सांगतो.

तुमच्या वर्णनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट गुडघ्याची नाही, तर दुपारनंतर पाय सैल होण्याची आहे. कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षात उरलेली मांडी सतत बारीक होत जाते. सूज उतरते, न वापरलेले स्नायू आटतात आणि ज्या मापावर सॉकेट बनवले ते माप काही महिन्यांत खोटे ठरते. पाय उचलला की सैल सॉकेट एक-दीड इंच खाली लोंबते, म्हणजे तेवढ्या वेळेपुरता तो पाय चांगल्या पायापेक्षा लांब होतो. लांब झालेला पाय जमिनीला घासू नये म्हणून माणूस तो बाहेरून फिरवतो किंवा चांगल्या पायाच्या चवड्यावर उठतो. बाबा दोन्ही करत आहेत. ही खोड लागली की नवीन पाय आल्यावरही ती सुटायला फार वेळ लागतो, म्हणून उशीर करू नका.

तोपर्यंत एक उपाय आजच करता येईल. स्टंपवर, म्हणजे कापून उरलेल्या मांडीवर, घालायचे मोजे वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. मी सकाळी एक पातळ मोजा घालून निघतो आणि दुकानात दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाय काढून, मांडी पुसून, दुसरा मोजा चढवतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा मला हे दिवसातून दोनदा करावे लागते, कारण घामाने मोजा ओला झाला की कातडी सोलली जाते आणि एकदा सोलली की आठवडाभर पाय घालता येत नाही. बाबांना पाय न काढता दिवस रेटायची सवय असेल तर ती मोडा.

दुसरी गोष्ट पादत्राणांची आहे आणि ती मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. भाचीच्या लग्नासाठी मी नवी पेठेतून जरा उंच टाचेचे बूट घेतले आणि घालून कार्यालयाच्या उतारावरून खाली आलो. तिसऱ्या पावलाला गुडघा आपोआप मुडपला आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर आडवा झालो. गुडघ्यात काहीही बिघाड नव्हता. टाच उंच झाल्यामुळे गुडघ्याखालची पूर्ण नळी पुढे झुकली होती आणि गुडघ्याला वाकण्यासाठी आयते निमित्त मिळाले होते. याच्या उलट अनुभव सिद्धेश्वर मंदिरात येतो. चप्पल काढून अनवाणी झालो की पाय मागे रेटला जातो आणि सपाट फरशीवरही चढण चढत असल्यासारखे वाटते. म्हणून मी कृत्रिम पावलावर मोजा घालतो आणि त्याच्या आत टाचेखाली रबराची एक पातळ पाचर ठेवतो. तिची जाडी माझ्या रोजच्या चपलेच्या टाच-चवड्यातल्या फरकाएवढी, म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर आहे. देवळात, घरात आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी तिच्यामुळे मी सरळ उभा राहतो.

प्रॉस्थेटिस्ट_पुणे

वरील प्रतिसादात सॉकेटबद्दल जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी मूळचा सोलापूरचा आहे आणि पुण्यात कृत्रिम अवयव बसवण्याचे काम करतो. तुमच्या प्रश्नातील तिन्ही सल्ले आपापल्या जागी चुकीचे नाहीत, परंतु त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाचा स्वतःचा गुडघा शाबूत असतो. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला मात्र कृत्रिम गुडघा केवळ नितंबाच्या आणि मांडीच्या उरलेल्या स्नायूंनी हाताळावा लागतो, आणि ही सारी ताकद सॉकेटमधूनच खाली पोहोचते. सॉकेट सैल असेल तर हाड आतल्या आत हलते, ताकद मांसातच विरते आणि गुडघ्यापर्यंत आज्ञा उशिरा पोहोचते. अशा सॉकेटखाली कितीही भारी गुडघा लावला तरी तो आपले काम करू शकत नाही. जांघेतला वळ हेच सांगतो की मांडी सॉकेटमध्ये खाली घसरली आहे आणि बैठकीच्या हाडाने जो भार मागच्या कडेवर पेलायचा, तो जांघेच्या मऊ भागावर आला आहे. सात महिन्यांनंतर हे होणे अपेक्षितच असते. शिबिरातल्या कारागिरांचा त्यात दोष नाही, कारण पहिले सॉकेट तात्पुरतेच धरायचे असते.

नवीन सॉकेट करताना ते कशाने टिकवून धरायचे, हेही ठरवावे लागते. कमरेचा पट्टा स्वस्त व टिकाऊ असतो, पण पाय थोडाफार खाली-वर होतोच. व्हॉल्व्ह लावून हवेच्या दाबाने बसणारे सॉकेट मांडीला जास्त चिकटून राहते. मात्र मांडीचे माप स्थिर झाल्याशिवाय ते टिकत नाही, कारण थोडी जरी मांडी बारीक झाली तरी हवा आत शिरते. सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मांडीवर चढवायचे मऊ आवरण, आरामदायी असतो, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्या आत घाम साचतो. तो रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन वाळवावा लागतो, आणि काही वर्षांत तो फाटतो तेव्हा पुन्हा खर्च येतो. हा पुढचा खर्च आजच विचारून घ्या.

आता गुडघ्याकडे येतो. चालताना गुडघ्याला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात: पायावर भार असताना मुडपायचे नाही, आणि पाय हवेत असताना वेळेवर वाकून वेळेवर सरळ व्हायचे. लॉकचा गुडघा पहिले काम चोख करतो आणि दुसरे अजिबात करत नाही. त्यामुळेच असा पाय बहुधा एखादा सेंटीमीटर आखूड ठेवतात, म्हणजे ताठ पाय जमिनीला न घासता पुढे जातो. तुमच्या वडिलांचा पाय आखूड ठेवला आहे की नाही, हे दोन्ही बाजूंच्या कमरेची हाडे एका पातळीत आहेत का ते पाहून तपासता येते.

एका आसाचा घर्षणाचा गुडघा हवेत वाकतो, पण घर्षण एकाच वेगासाठी जुळवलेले असते. त्या वेगापेक्षा भरभर चालले की टाच मागे जास्त उडते आणि नळी पुढे यायला उशीर होतो. शिवाय भार असताना तो मुडपू नये, ही जबाबदारी पूर्णपणे माणसाच्या नितंबावर येते. भार पडताच आपोआप ब्रेक लागणारा गुडघा वृद्धांना धीर देतो, परंतु पायावरचा भार पूर्ण काढल्याशिवाय तो वाकत नाही, त्यामुळे चाल थोडी अडखळती राहते.

चार दांड्यांच्या गुडघ्याची गंमत वेगळी आहे आणि ती मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात हाच गुडघा सर्वांत उपयोगी पडलेला मी पाहिला आहे. यात एक बिजागरी नसून चार दांड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे ज्या बिंदूभोवती गुडघा फिरतो तो बिंदू जागेवर राहत नाही. पाय सरळ असताना तो बिंदू प्रत्यक्ष सांध्याच्या वर आणि मागे असतो. शरीराचा भार त्याच्या पुढून जातो, म्हणून गुडघा आपोआप सरळ राहू पाहतो आणि नितंबाला थोडीच ताकद लावावी लागते. चवड्यावर भार येऊन पाय उचलायची वेळ झाली की तोच बिंदू खाली-पुढे सरकतो आणि गुडघा सहज वाकतो. वाकताना नळीची प्रभावी लांबी किंचित कमी होते, त्यामुळे चवडा जमिनीपासून थोडा अधिक उंच राहतो. बाबा ज्यासाठी पाय बाहेरून फिरवत आहेत, त्याच अडचणीवर हा उपाय आहे. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला जयपूर गुडघा याच तत्त्वावर चालतो आणि २००९ साली टाइम मासिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांमध्ये त्याचा समावेश केला होता. भारी किंमत म्हणजेच चांगली रचना, असे समजण्याचे कारण नाही.

हायड्रॉलिक गुडघ्यात तेल बारीक छिद्रांतून जाते आणि वेग वाढला की त्याचा विरोधही वाढतो, म्हणून माणसाने कधी हळू कधी भरभर चालले तरी पाय वेळेवर पुढे येतो. काही प्रकारांत भार असतानाही तेलाचा विरोध मिळतो, त्यामुळे गुडघा एकदम न मुडपता हळूहळू वाकतो आणि सराव झाल्यावर जिना एकाआड एक पाय टाकत उतरता येतो. याच्या पुढची पायरी म्हणजे मायक्रोप्रोसेसरचा गुडघा. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीने १९९७ साली आणलेल्या सी-लेगपासून भार व हवा या दोन्ही टप्प्यांवर संगणकीय नियंत्रण असलेले गुडघे प्रचारात आले. त्यातले संवेदक कोन आणि भार सतत मोजतात आणि ठेच लागली की तेलाचा विरोध क्षणात वाढवून पडण्यापासून वाचवतात. पडण्याचे प्रमाण कमी होते, हा त्यांचा खरा फायदा आहे. परंतु त्यांची किंमत कित्येक लाखांत जाते, ते नियमित चार्ज करावे लागतात आणि दुरुस्तीसाठी सहसा मोठ्या शहरातच जावे लागते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. जो माणूस आज एकाच संथ वेगाने चालतो, त्याला वेग बदलण्याची सोय देणारा गुडघा आज विकत घेण्याची गरज नाही. सॉकेट नवीन करा, त्याखाली चार दांड्यांचा चांगला गुडघा लावा, आणि सुटे भाग नळीला स्क्रूने जोडले जातील अशी रचना मागा, म्हणजे दोन वर्षांनी हायड्रॉलिक गुडघा लावावासा वाटला तर सॉकेट फेकावे लागणार नाही.

पावलाबद्दल लोक क्वचितच विचारतात, पण मांडीतून पाय गेलेल्या माणसाचे पाऊल त्याच्या गुडघ्याला सुरक्षित किंवा असुरक्षित करते. टाच कडक असेल तर जमिनीला टेकताक्षणी ती नळीला पुढे ढकलते आणि गुडघा मुडपू पाहतो. टाच मऊ असेल, किंवा घोट्यात एक आस असून पाऊल चटकन सपाट होत असेल, तर भाराची रेषा लवकर गुडघ्याच्या पुढे येते आणि गुडघा स्थिर होतो. म्हणून सुरुवातीला मऊ टाचेचे साधे पाऊल कार्बनच्या महागड्या पावलापेक्षा बरे. कार्बनचे पाऊल चवड्यावर दाबले की स्प्रिंगसारखे परत ढकलते, पण तेवढा जोर लावणारा वेगवान चालणारा असेल तरच त्याचा लाभ मिळतो. जयपूर फूट डॉ. प्रमोद करण सेठी आणि पंडित रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास विकसित केले ते अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या माणसासाठी, आणि खडबडीत जमिनीवर ते आजही उत्तम चालते. वजनाने मात्र ते काहीसे जड असते.

सगळे भाग उत्तम असूनही चाल बिघडू शकते, ती अलाइनमेंटमुळे, म्हणजे हे भाग एकमेकांशी कोणत्या रेषेत जोडले आहेत त्यामुळे. मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा, गुडघा आणि घोटा यांना जोडणारी एक रेषा आम्ही धरतो. गुडघा त्या रेषेच्या काही मिलिमीटर मागे ठेवला तर तो स्थिर होतो पण वाकायला जड जातो, आणि पुढे ठेवला तर सहज वाकतो पण दगा देतो. हे टेबलावर ठरत नाही. माणसाला त्याच्या रोजच्या चपलेत, समांतर दांड्यांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा चालवून स्क्रू फिरवत ते ठरवावे लागते. एका बैठकीत पाय बसवून लगेच घरी पाठवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, आणि पाय बसवणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

खाली मांडी घालून बसण्याबाबत तुम्ही विचारलेले नाही, पण आपल्या घरांत तो प्रश्न येतोच. सॉकेट आणि गुडघ्याच्या मध्ये एक रोटेटर बसवता येतो. त्याचे बटण दाबले की गुडघ्याखालचा भाग आडवा फिरतो आणि पाय दुमडून मांडी घालता येते. त्यासाठी स्टंपच्या टोकाखाली पुरेशी जागा लागते. तुमच्या वडिलांची मांडी मध्यावर कापलेली असल्याने ती मिळण्याची शक्यता आहे.

भौतिकोपचार_सोलापूर

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचल्यावर एक तपासणी राहिली आहे असे वाटले, म्हणून लिहीत आहे. पाय काढल्यानंतर महिनोन् महिने खुर्चीत किंवा पलंगावर बसून राहिल्यामुळे अनेकांची मांडी पुढच्या बाजूला आखडते. त्यातच घरची माणसे प्रेमाने स्टंपखाली उशी ठेवतात आणि आखडणे अधिक पक्के होते. मांडी मागे जातच नसेल तर गुडघ्यावर ताबा ठेवणारे नितंबाचे स्नायू कामच करू शकत नाहीत, आणि मग मोकळा गुडघा धोकादायक ठरतो.

घरी असे पाहा. बाबांना कडक चटईवर पाठीवर झोपवा आणि चांगल्या पायाचा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरायला सांगा. कापलेली मांडी चटईला टेकलेली राहिली तर ठीक आहे. ती आपोआप वर उचलली गेली तर तेवढे आखडलेपण आहे. थोडे आखडलेपण असल्यास सॉकेट तितके पुढे वाकवून बनवता येते, मात्र जास्त असल्यास आधी व्यायाम लागतो. दिवसातून दोन-तीन वेळा वीस मिनिटे पालथे झोपणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे, आणि तो पोटाला त्रास नसेल तर आजपासून सुरू करता येतो. पालथे असतानाच मांडी मागे उचलण्याचा आणि कुशीवर झोपून बाजूला उचलण्याचा व्यायामही जोडावा. बाजूचे स्नायू कमजोर राहिले तर कृत्रिम पायावर भार देताना धड त्या बाजूला कलते.

दमण्याबद्दलही थोडे लिहितो. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला साधारण दीडपट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते, आणि ताठ गुडघ्याने फिरवून पाय टाकला की दमणूक आणखी वाढते. त्यामुळे किराणा दुकानापर्यंत जाऊन सदरा भिजणे म्हणजे बाबांचा आळस किंवा अशक्तपणा नाही. मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सराव वाढवावा.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना कृत्रिम पाय आधी, हा क्रम नवीन गुडघ्यावरही सुरुवातीचे काही महिने पाळावा. नवीन गुडघा मिळाल्यावर किमान काही आठवडे समांतर दांड्यांत सराव झाल्याशिवाय त्यांना रस्त्यावर सोडू नका, कारण लॉकच्या सवयीचा माणूस मांडी मागे रेटायला विसरतो आणि पहिल्या दोन आठवड्यांतच पडतो.

विणकराची_मुलगी (सोलापूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काय झाले ते सात आठवड्यांनी कळवत आहे.

चटईवरची तपासणी त्याच रात्री केली. बाबांची मांडी चटईपासून माझ्या चार बोटांइतकी वर राहिली. आई इतके दिवस खरोखरच त्यांच्या स्टंपखाली उशी ठेवत होती आणि हे ऐकून तिला फार वाईट वाटले. पालथे झोपायला बाबांनी पहिल्या आठवड्यात टाळाटाळ केली, म्हणून मी त्यांच्या शेजारी पालथी पडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. सहाव्या आठवड्यात मांडी बोटभर वर राहत होती.

मोज्यांचा उपाय लगेच लागू पडला. दुपारी दुसरा मोजा चढवल्यावर पाय सरकणे कमी झाले आणि जांघेतला वळ फिका झाला. तरीही वरच्या सल्ल्याप्रमाणे नवीन सॉकेटचे माप दिले आहे. तिथे बाबांचा जुना पाय तपासला, तेव्हा तो डाव्या पायापेक्षा आखूड असण्याऐवजी थोडा लांबच निघाला.  चाचणीच्या पारदर्शक सॉकेटखाली चार दांड्यांचा गुडघा आणि मऊ टाचेचे पाऊल लावून त्यांना दांड्यांत चालवले. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत ते जुन्या सवयीने पाय बाहेरूनच टाकत होते. मग तज्ज्ञांनी त्यांच्या उजव्या बाजूला एक खुर्ची आणून ठेवली आणि तिला पाय न लावता चाला, असे सांगितले. तेव्हा गुडघा प्रथमच वाकला. बाबा थांबले, खाली पाहिले आणि मला म्हणाले, ‘‘अगं, हा वाकला बघ.’’

कामाबाबत एक शंका अजून आहे. दोन मागांच्या मध्ये उभे राहून कधी या मागाचा तुटलेला धागा सांधायचा तर कधी त्या मागाची कांडी बदलायची, असे सतत जागच्या जागी वळावे लागते, आणि फरशीवर तेल व कापसाचे बारीक तंतू पसरलेले असतात. हे जमेल का?

प्रॉस्थेटिस्ट_पुणे

चार बोटांवरून एका बोटावर आलेली मांडी ही या धाग्यातली सर्वांत चांगली बातमी आहे. सॉकेट अंतिम करण्यापूर्वी ते मोजमाप पुन्हा सांगा, म्हणजे त्याचा पुढचा बाक तेवढाच ठेवला जाईल.

जागच्या जागी वळताना पाऊल फरशीवर रुतून राहते आणि पीळ थेट सॉकेटमध्ये, म्हणजे कातडीवर येतो. नळीमध्ये पीळ सोसणारा एक छोटा जोड बसवता येतो. तो रबरासारखा थोडा फिरून परत जागेवर येतो. तो विचारून घ्या, मात्र प्रत्येक वाढीव भागाबरोबर वजनही वाढते हे लक्षात ठेवा. सुरुवातीला त्यांनी पीळ न देता लहान लहान पावले टाकून वळण्याचा सराव करावा.

तेलकट फरशीवर मात्र कोणताही गुडघा भरवशाचा नसतो. घसरणारे पाऊल पुढे निघून जाते आणि गुडघा मुडपतो.

होटगी_रस्ता

ताई, मालकांशी बोलताना बाबांना सोबत घेऊन जा. माझ्या ओळखीचे एक विणकर पाय गेल्यावर मागांवर परत न जाता कांडी भरण्याच्या यंत्रावर बसतात. तिथे उभे राहणे कमी असते आणि यंत्राभोवतीची फरशी त्यांनी स्वतः मागणी करून रोज पुसून घ्यायला लावली आहे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यानुसार मिळणारे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढले नसेल तर सिव्हिलमध्ये अर्ज करून ठेवा. पुढचे सॉकेट सरकारी योजनेतून मागायचे झाले तर ते लागेल.

आणि चपलेचे पक्के करा. नवीन पायाची जुळणी ज्या दिवशी होईल, त्या दिवशी कारखान्यात घालायची चप्पल बरोबर न्या. घरची नको.